पहिली फोड शकुबाईची

देवगडच्या गोंड राजांची गादी कधी बुडालीच नाही, असं एक जग धरून चाला. त्या जगातही नागपूरची गाडी पांढुर्ण्याला थांबते, सौसरच्या बागांत संत्री लागतात आणि लोधीखेड्याची शकुबाई तोड्याला, म्हणजे फळं उतरवायला, जाते. फरक एवढाच, की सौसरच्या कोठीत युवराज राहतात आणि त्यांच्या तोंडी जाणाऱ्या संत्र्याची पहिली फोड शकुबाई खाते.

ही रीत जुनी. कधीकाळी राजघराण्यातल्या कुणाला फळातून विष दिलं गेलं होतं. तेव्हापासून ज्या हातानं फळ तोडलं त्याच हातानं ते सोलायचं आणि आधी आपण खायचं, असं ठरून गेलं. शकुबाईच्या सासूकडे हे काम होतं, तिच्यामागे शकुबाईकडे आलं. तिचं सोलणं बघत राहावं असं. देठाकडून अंगठा घालून साल अशी उतरवायची, की तिची वाटीच व्हावी. त्याच वाटीत मग फोडी.

युवराज कुलदीपशहा लहानपणापासून तिच्यासमोर मांडी घालून बसायचे. फळ आंबट निघालं की शकुबाईचा एक डोळा आपोआप मिटायचा, आणि ते बघायला पोरगं टपलेलं असायचं. मोठेपणी, लग्न होऊन मुलगी झाल्यावरही ही बैठक मोडली नाही; पुढे लेकही बापाशेजारी बसून बघायची. एकदा शकुबाई आपल्या सुनेच्या, प्रणालीच्या, बाळंतपणाची हकीकत सांगण्यात अशी रंगली, की पहिलीच काय, सगळ्या फोडी स्वतःच खाऊन बसली. रिकामी साल पुढे केली तेव्हा भानावर आली. युवराज म्हणाले, "शकुमाय, विष नव्हतं एवढं तर पक्कं झालं." हा किस्सा ती गावभर स्वतःच सांगायची, तोंडाला पदर लावून.

त्या युवराजांना दिवाळीच्या तोंडावर पांढुर्ण्याच्या फलाटावर कुणीतरी गोळी घातली. गाडीतून उतरून ते एका हमालाची विचारपूस करत उभे होते. मारणारा त्यांच्याच चुलत्याचा माणूस निघाला. चुलत्याचा गादीवर डोळा होता. दोघेही पकडले गेले. पण शकुबाई उंबऱ्याशी बसली ती बसलीच. मुलगा सुमेध समजूत घालायला आला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इतके वर्स त्याच्या आधी खाल्लं मी. गोळी कशी चाखू, सांग."

कोठीचे नियम पालटले. आता खाण्याची प्रत्येक वस्तू आधी तपासणीला जायची. कारभारी यशवंतरावांनी हात जोडून सांगितलं, की तुमचं काम संपलं, घरी आराम करा. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. जीव लागला होता तो इंदूत. युवराजांची ही सहा-सात वर्षांची लेक आता गादीची वारस होती, आणि कानावर येत होतं ते भलतंच. पोरगी कुणाच्याच हातचं खात नव्हती. आईनं भरवलं तरी तोंड फिरवायची. बंद पुडा स्वतः फोडून त्यातली बिस्किटं तेवढी चावायची. शकुबाईनं निरोप धाडला, एकडाव मले येऊ द्या. नकार आला. पुन्हा धाडला, पुन्हा नकार. पोरगी तापानं पडली तेव्हा मात्र यशवंतराव स्वतःच गाडी घेऊन दारात उभे राहिले.

इंदू खिडकीशी उशीला टेकून बसली होती. शकुबाईनं सवयीनं संत्रं सोललं, वाटी केली, पहिली फोड तोंडात टाकली आणि दुसरी पुढे धरली. पोरीनं आधी फोडीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"तू आधी काहून खाल्लं?" ती हळूच म्हणाली. "मले मारतीन म्हणून ना?"

शकुबाईचा हात तिथंच राहिला. जी रीत आपण माया म्हणून पाळली, तिच्यातून पोरीला रोज भीतीच दिसत राहिली, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं ती वाटी बाजूला सारली. टोपलीतलं दुसरं संत्रं काढून सोललं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"मी नाही खात व माय," ती म्हणाली. "म्हातारी झाली, जिभेचं काही खरं नाही राहिलं. आता तू चाख पयले, अन् मले सांग कसं हाये ते."

यशवंतराव दारातून लगबगीनं पुढे आले. शकुबाईनं त्यांच्याकडे न बघता पंजा उभारला, तसे ते थांबले.

इंदूनं बराच वेळ घेतला. फोड उलटीपालटी करून पाहिली, वरचा दोरा सोलून काढला. मग तोंडात टाकली. तिचा एक डोळा मिटला.

"आंबट हाये."

"मंग मले नोको," शकुबाई म्हणाली. "तूच खा."

पोरीनं दुसरी फोड खाल्ली, तिसरी खाल्ली. चौथी मात्र तिनं शकुबाईच्या ओठांना लावली आणि आता हिचा कोणता डोळा मिटतो ते बघत, पुढे सरकून बसली.