कोरडं पातेलं

आमच्या भिंतीला भिंत लागून एक लाँड्रीवाले राहतात. पुढे दुकान, मागे पत्र्याची एक खोली, मधे पडदा. त्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं : "कडक करून देतो." म्हणून सगळे त्यांना कडकभाऊ म्हणतात. स्वभावाने मात्र माणूस लोण्यासारखा.

यंदा पावसाने नुसता उच्छाद मांडलाय. एक वेळ पाऊस परवडला, पण ही दमट हवा नको. मिठाचं पाणी झालं, काड्यापेटी पेटेना, चपलांवर बुरशी चढली. आम्ही घरातले ओले कपडे कडकभाऊंच्या गळ्यात मारून मोकळे व्हायचो. त्यांनी ते वाळवायचे कुठे? त्याच एका खोलीत. गल्लीभरच्या चादरी दोऱ्यांवर आणि त्यांच्याखाली खाटेवर त्यांची बायको, दम्याची. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोलीत ओलं वाळत घालू नका. लाँड्रीवाल्याला हे सांगणं म्हणजे माशाला पाण्याबाहेर राहा म्हणण्यातला प्रकार!

भाऊंनी आपल्या परीने तोड काढली होती. दिवसाची पहिली इस्त्री बायकोच्या अंथरुणावर. कपडा वाळलाय की नाही, हे ते हाताने नाही, गालाने ओळखतात. अभ्रा गालाला लावून बघायचे, मगच तिला निजवायचे.

"खोकला कसा आहे गं?"

"कुठंय खोकला? बरी आहे मी."

आणि खरंच, पडद्याबाहेर कधी खोकला यायचा नाही.

एके दुपारी वहिनी न्हाणीघरात असताना भाऊंनी सवयीने उशी गालाला लावली. मधोमध ओलीचिंब, कडा कोरड्या. पावसाने पिडलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? पत्रा गळतोय, असं म्हणून त्यांनी उशी सरकवली, तिथे पातेलं ठेवलं आणि कामाला लागले. वहिनी आल्या, पातेलं पाहिलं आणि उशी घेऊन पायथ्याकडे डोकं करून निजल्या.

संध्याकाळपर्यंत धो धो कोसळला. भाऊ पातेलं रिकामं करायला आत गेले. पातेलं ठणठणीत कोरडं. पायथ्याची उशी मात्र पुन्हा मधोमध ओली.

पुढचं मला भिंतीतून ऐकू आलं.

"अगं, उशीत तोंड खुपसून खोकतेस तू?"

"मग काय करू? तुम्हाला कळलं असतं तर सगळ्या दोऱ्या सोडल्या असत्या. मग खायचं काय आपण?"

भाऊंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आणि तूच राहिली नाहीस, तर कुणासाठी खायचं?"

थोड्या वेळाने ते भर पावसात आमच्या दारात उभे. डोक्यावर गाठोडं.

"ताई, ओलंच आहे. पावसाळाभर आता फक्त इस्त्री. वाळवून आणा."

मी चिडलेच. ऐन पावसात हे काय? पण बोलायच्या आत ते पुढच्या दारी गेले होते. आमच्या चार चादरी मी खोलीत पसरल्या. तासाभरात घरभर कुबट वास सुटला, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायला लागलं. फक्त चारच चादरी होत्या.

भाऊंचा धंदा निम्म्यावर आलाय. वहिनींचा खोकला आता दिवसभर ऐकू येतो, ऐकवत नाही. पण तो मधेच थांबला, की पलीकडे इस्त्रीची धपधपही थांबते आणि इकडे माझे हात थांबतात. पुन्हा खोकला येईपर्यंत.