सव्वा वर्षाचा शब्द

नगरपंचायतीची अध्यक्षा होते तेव्हा मी गाडीतून लगेच उतरत नसे. कोणीतरी येऊन दार उघडेपर्यंत पदर सावरत बसून राहायचे. गाडी आमचीच, जुनी. डावीकडचं दार आतून उघडतच नव्हतं, त्यामुळे बाहेरून कोणाला तरी यावंच लागे. पण मला वाटायचं, हा मान आहे. बावन्न वर्षांची बाई, घरात दोन सुना, आणि अक्कल एवढी.

अध्यक्षपद त्या अडीच वर्षांसाठी महिलांना राखीव निघालं होतं. आमच्या पक्षातून निवडून आलेल्या बायकांत त्या पदाच्या दावेदार दोनच. एक मी आणि दुसरी बुद्धविहारामागच्या वस्तीतली, घरी शिवणकाम करणारी. तिला मी बाई म्हणायचे, ती मला ताई. तालुक्यात पक्षाचा सगळा कारभार ज्यांच्या हातात, त्या भाऊंनी अडीच वर्षांचे दोन वाटे केले. सव्वा वर्ष मी, सव्वा वर्ष ती. आमच्याकडे पदं अशीच वाटतात, शेतातल्या विहिरीच्या पाण्यासारखी, बारी लावून. तिच्या वस्तीच्या मतांवर आमची सत्ता आली होती म्हणून भाऊंनी विहाराच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं, "पयले वयनी, मंग तुमची लेक. भाऊचा शबूद हाय हा." सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

तिला खुर्ची हवी होती ती नळासाठी. वस्तीत पाइपलाइन नव्हती. बायका बसस्टँडजवळच्या हातपंपावर नंबर लावायच्या. ती मला म्हणाली होती, "माही बारी आली का पयले पाइप टाकतो, ताई. मंग लागली तर खुर्ची वापस घेऊन जाजा." मी हसून तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मोठेपणाने. आठवलं की अजून तो हात मला स्वतःचा वाटत नाही.

सव्वा वर्ष संपत आलं आणि भाऊंचा वाढदिवस आला. चौकात फ्लेक्स लागला. वर प्रदेशाचे नेते, मध्ये भाऊ पुरुषभर उंच, खाली आम्हा सगळ्यांच्या तोंडांची ओळ. आमच्याकडे कोण कोणाच्या मर्जीत आहे हे फ्लेक्स बघून कळतं. आदल्या वर्षी माझा फोटो ओळीत पहिला होता. या वर्षी मी शेवटी, पोस्टाच्या तिकिटाएवढी, नुकतीच मिसरूड फुटलेल्या एका युवा नेत्याच्या कोपरापाशी.

त्याच संध्याकाळी भाऊंचा निरोप आला की वयनींना सांगा, राजीनामा द्यायची वेळ झाली. मी म्हटलं, नाही देत.

आमचे हे जेवत होते. म्हणाले, "फोटो लहान झाला म्हनून?"

"स्वाभिमानाचा प्रश्न हाय."

"अन् देलेल्या शब्दाचं काय?"

"शब्द भाऊनं देला. मी कुठं देला?"

"टाळ्या तं तूच पिटत होती," हे म्हणाले आणि पुन्हा वरण मागितलं.

मी वाशीमहून माझा स्वतःचा फ्लेक्स छापून आणला. त्यावर भाऊ नाहीत, नेते नाहीत, नुसती मी, हात जोडून. फोटोवाल्याने मला इतकं गोरं केलं होतं की धाकटी सून म्हणाली, "आत्याबाई, या कोन हायेत?" भाऊंनी माझा फोन उचलणं बंद केलं. वाशीमच्या बैठकीत मला मंचावर बोलावलं नाही, आणि माइकवर म्हणाले, "काही लोकाइले खुर्चीचा डिंक लागून राह्यला." सगळे हसले. मी ताठ मानेने खाली बसले होते. स्थानिक पेपरात 'नगराध्यक्षांचे बंड' असा मथळा आला तो मी कापून लॅमिनेशन करून घेतला. हो, लॅमिनेशन.

खरं म्हणजे पक्षाचे सगळे नगरसेवक भाऊंच्या मुठीत होते. त्यांनी अविश्वास ठराव आणला असता तर मी दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. ठराव काही आला नाही. मी त्याचा अर्थ काढला की भाऊ मला घाबरले. जऊळक्याच्या नणंदेला फोन करून तसं सांगितलंसुद्धा.

एका दुपारी बाई घरी आली. मी चहा ठेवायला सांगितला. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"ताई, भाऊकडे गेल्ती मी. ते म्हनतात, मी काय करू, वयनी आयकतच नाई. तुमच्याकडे आली तं तुमी म्हनता, भाऊसंग लढून राह्यले. मंग मी कोनाकडे जाऊ?"

मी तिला भाषण दिलं. पक्षातले पुरुष आपल्याला बाहुली समजतात, आज मी वाकले तर उद्या तुलाही वाकवतील, हा एकटीचा लढा नाही, आपल्या साऱ्या बायकांच्या मानाचा आहे. बोलताना माझा मलाच गहिवर आला.

ती म्हणाली, "मी बी बाईच हाय ना, ताई."

"जरा धीर धर," मी म्हटलं. "नळाचं मी पाहतो."

पाहिलं काहीच नाही. माझं आणि भाऊंचं वाजलेलं, त्यामुळे सभेत माझा एकही विषय पुढे सरकत नव्हता, आणि मी तरी तो विषय किती जोराने मांडला? मला त्या दिवसांत बंडातून सवड नव्हती.

अडीच वर्षं संपली. पुढची सोडत खुल्या गटाची निघाली आणि भाऊंचे पुतणे अध्यक्ष झाले. भर मे महिन्यात मंडप घालून सत्कार ठेवला. मलाही आमंत्रण आलं, तेही मंचावरचं. मी गेले. नवी साडी नेसून गेले.

भाऊंनी माइक घेतला. "वयनी माह्यावर रुसल्या, माह्यासंग भांडल्या, पन पक्ष सोडला नाई. अशी निष्ठा पायजे." टाळ्या झाल्या. मग त्यांनी स्वतः माझ्या खांद्यावर लोकरीची शाल पांघरली, आणि नारळ हातात देताना वाकून कानात म्हणाले, "वयनी, तुमी अडून बसल्या म्हनून मायं काम झालं. त्या वस्तीले मले तोंडावर नाई म्हनता येत नोतं. ते 'नाई' तुमी म्हनून देलं."

आणि हसले. मनापासून हसले, घरच्या माणसासारखे. मीही हसले, कारण समोर सगळं गाव बसलं होतं. तेवढ्या वेळात मला फ्लेक्सपासून डिंकापर्यंत सगळं उमगलं. ज्यांच्याशी मी लढत होते त्यांचंच काम मी बिनपगारी करत होते, आणि वर त्याला बंड म्हणत होते.

मंचावरून उतरले तर बाई समोरच उभी. ती पहिल्या रांगेत बसली होती.

"शाल चांगली हाय, ताई. गरम नाई होत?"

"होते थोडी."

"भाऊ कानात काय म्हनले?"

आता या जागी शहाण्या बाईने काय करावं हे मला नीट माहीत होतं. मी म्हटलं, "काही नाई. तब्येत इचारली."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "बरं झालं. मले वाटलं, आभार मानले असतीन." मग पदराने कपाळ पुसून म्हणाली, "जातो. पंपावर हंडा ठेवून आली, नंबर जाईन."

तिला हाक मारावी असं वाटलं. पण तेवढ्यात भाऊंचे पुतणे गर्दीतून वाट काढत आले आणि माझ्या पाया पडले. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि चांगला तोंडभरून दिला.