पाचशे शब्दांत आकांक्षा

तुमची स्वप्नं काय आहेत, असं एखाद्या अनोळखी माणसानं विचारलं तर तुम्ही लगेच सांगाल, की आधी विचाराल, 'तुम्हाला कशाला हव्यात या चौकशा?'

मी आधी विचारणाऱ्यांपैकी. सुप्यातल्या आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा मागण्यांची पत्रकं जास्त. दुधाच्या दराची, पाण्याची, एसटीची. आबा, म्हणजे आमचे वडील, ती गावोगाव वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले. त्यामुळे धाकट्या बहिणीनं पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचा अर्ज मोबाइलवर दाखवला, तेव्हा मी सावध झाले. 'तुमच्या आकांक्षांविषयी मोकळेपणाने लिहा. मर्यादा पाचशे शब्द.'

"मोकळेपणानं म्हंजे कसं गं, ताई?"

"म्हणजे त्यांना काय ऐकायचंय ते आपण ओळखायचं."

फी माफ झाली तरच तिला तिथं शिकता येणार होतं, आणि ते विद्यापीठाची समिती या निबंधावरून ठरवणार होती. तिला गवताचा अभ्यास करायचा होता. अभयारण्याला लागून असलेल्या माळावर आमची शेरडं चरतात. चिंकारा हरीण तिथलं कुठलं गवत खातं, शेरडं कुठल्या गवताला तोंड लावत नाहीत, याची तिनं एक वही भरली होती. मी ती वही बाजूला सारली. गवताला कोण विचारतं? मुलींचं वसतिगृह, कॉलेजच्या वेळेची गाडी, हे लिही. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. उत्तम निवेदन तयार झालं. तहसीलदारांना तसंच देता आलं असतं.

तिनं ते दोनदा वाचलं. "ह्यात मी कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी ती बारामतीला एका क्लासच्या सरांकडे गेली आणि टाइप केलेला नवा निबंध घेऊन आली. सरांचा नियम सोपा होता : वर दुःख, खाली स्वप्न.

आबा वैरणीचा भारा खांद्यावर घेऊन गोठ्याकडे निघाले होते. म्हणाले, "वाच की मोठ्यानं."

ती वाचू लागली. 'माझे वडील गेली काही वर्षे अंथरुणाला खिळलेले आहेत...'

"कोण खिळलंय?"

"तुमी, आबा."

"कवापासनं?"

"सर म्हणले, असं लिवलं की समिती पाघळती."

आतून आई म्हणाली, "आता खिळलाच हायसा तर गप पडून ऱ्हावा. डेरीला दूध मी घालून येते."

आबा हसले नाहीत. भारा खाली टाकला. "लोकांनी शिव्या घातल्या, पत्रकं तोंडावर फेकली. पण खोटं पत्रक म्या कंदी वाटलं न्हाय."

बहीण खाली बघून म्हणाली, "क्लासातल्या सणसरच्या पोरीचा बाप पण खिळलाय. पणदऱ्याच्या पोराचा पण." म्हणजे समितीनं हे सगळे निबंध वाचले, तर बारामती-इंदापूरच्या उसात एकही बाप उभा दिसणार नव्हता.

मी सरांवर तुटून पडले. धंदा, लुबाडणूक, तोंडाला येईल ते बोलले. तिनं मला थांबवलं. "तू काय येगळं केलंस? त्यांनी आजार घातला, तू मागण्या घातल्यास."

मी बाजूला सारलेली वही आणून तिच्यापुढे ठेवली.

तिनं दोन्ही निबंध बाजूला टाकले आणि वही उघडून बसली. संध्याकाळपर्यंत तीनेकशे शब्द झाले. सगळे गवताचे. पुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ती थांबली आणि तिनं तेवढंच पाठवलं.

माझा संशय अजून गेलेला नाही. 'निसर्गप्रेमी ग्रामीण कन्या' असाही एक कप्पा त्या समितीकडे तयार असेल, आणि तिचा खरेपणा त्यात नीट बसेल. नाहीतर आजारी बापांच्या ढिगाखाली ते गवत कुणाला दिसणारही नाही. निकाल लागायचा आहे.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी असा अर्ज भरत असेल, तर एवढं करा. पाठवण्याआधी तो घरच्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावा. आणि त्यात तुम्ही घातलेली एखादी ओळ ऐकू आली, तर ती तिथल्या तिथं स्वतःच्या हातानं खोडा.