आठ नंबरच्या दालनातला उजेड

संग्रहालयाच्या आठ नंबरच्या दालनात मावशी अकरा वर्षं एकाच खुर्चीवर बसल्या. चित्रांना कुणी हात लावू नये, एवढंच काम. वर काचेचं छत, खाली दोन बाकं, आणि समोर एक मोठं चित्र: कापणी झालेलं शेत, उंच झाडांची रांग, चार गाई आणि भरपूर आभाळ.

माहिती सांगणाऱ्या मॅडम पाहुण्यांना घेऊन यायच्या. "हे इंप्रेशनिस्ट चित्र. चित्रकाराने उघड्यावर उभं राहून त्या घडीचा उजेड पकडलाय. जवळून नुसते रंगाचे फटकारे दिसतील, चार पावलं मागे व्हा. बघा, किती प्रसन्न सकाळ!"

एका दुपारी पाहुणे गेल्यावर मावशींना राहवलं नाही.

"मॅडम, राग मानू नका. पण ही सकाळ नाही. गारा पडायच्या आधीची वेळ आहे."

मॅडम हसल्या. "अहो, एवढं पिवळं ऊन दिसतंय की!"

"ऊन आहे, मग सावल्या कुठे गेल्या? वर आभाळ शिशासारखं, पिवळं सगळं खालच्या कडेला. झाडांची पानं उलटी झालीत. आणि गाई बघा, चौघी एकाच बाजूला पाठ करून उभ्या."

मॅडम जवळ गेल्या, मागे आल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

मावशी वीटभट्टीवर वाढल्या होत्या. पाऊस आला की कच्च्या विटांचा चिखल, म्हणून तिथली पोरं अक्षरांआधी आभाळ वाचायला शिकायची. त्या बारा वर्षांच्या असताना असाच पिवळा उजेड पडला. थोरला भाऊ ताडपत्री घेऊन विटा झाकायला पळाला.

"आई हाका मारत होती. दादाने नुसता हात हलवला. लिंबाएवढ्या गारा होत्या, मॅडम. त्याला उचलूनच आणावं लागलं."

त्यानंतर मॅडमच्या तोंडून 'प्रसन्न' हा शब्द कधी आला नाही.

उन्हाळ्यात एका बुधवारी, चारच्या सुमारास, बाकांवर दहाएक म्हातारी मंडळी बसली होती. मावशींना आपले हात पिवळे दिसले. त्यांनी वर पाहिलं. काचेपलीकडे शिसं दाटलं होतं. बाहेरची पाखरं चिडीचूप.

"मॅडम, सगळ्यांना दालनाबाहेर काढा. आत्ताच्या आत्ता!"

दारात उभे असलेले संग्रहालयाचे साहेब वैतागले. "मावशी, उगाच घबराट नको."

मॅडमनी आभाळाकडे पाहिलं, मग मावशींच्या चेहऱ्याकडे. "चला, सगळे जिन्याखाली."

"आत्ता कुठे टेकलो होतो," काठीवाले आजोबा कुरकुरले. शेवटचे तेच बाहेर पडले आणि छतावर खडा पडल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा. साहेब भिंतीवरचं चित्र उतरवायला आत धावले.

"साहेब, नको!" मावशी ओरडल्या. साहेबांनी मागे न बघता हात हलवला.

सगळं छत एकदम कोसळलं. मावशींनी डोळे गच्च मिटून घेतले.

साहेब चित्र पोटाशी धरून बाहेर आले, ते रक्ताने माखूनच. कपाळाला नऊ टाके पडले. दोन्ही बाकं काचेखाली बुडाली होती.

लोकांनी मावशींचे हात हातात घेतले. संध्याकाळी लेक न्यायला आली, तोवर त्या जिन्याखालीच बसून होत्या.

दोन महिन्यांनी नवं, पक्कं छत झालं, चित्र परत लागलं. साहेबांनी विचारलं, "मावशी, खुर्ची तिथेच ठेवू ना?"

"नको साहेब. मला भांड्यांच्या दालनात द्या."

निवृत्तीपर्यंत चार वर्षं त्या तिथेच बसल्या. मॅडम चहा घेऊन तिकडेच जायच्या.