शत्रूच्या गोटात उस्ताद

उस्तादांच्या खुर्चीत बसून गप्प राहिलेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं त्यांच्या दुकानात येणारे सगळे सांगत. उस्ताद न्हावी. कात्री चालू झाली की तोंड चालू, आणि कात्री थांबली तरी तोंड चालूच. गळ्याभोवती कापड बांधून घेतलेला माणूस पळून कुठे जाणार? तो आधी नुसतं हूं हूं करायचा, मग एखादा शब्द टाकायचा, आणि गालावरचा फेस पुसून होईपर्यंत घरातली सगळी भांडणं उस्तादांच्या कानात ओतून मोकळा व्हायचा. शाळेतले खडूस मास्तर बोलले, बँकेतला तो तुसडा साहेबसुद्धा बोलला.

बोलला नाही तो एकच. आणि तो नेमका त्यांचा जावई निघाला, आता बोला!

जावई वाईट नव्हता हो, अगदी सोन्यासारखा. परदेशात लिफ्ट दुरुस्त करायचं काम, कसलं व्यसन नाही, उस्तादांच्या लेकीला तर तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. पण तोंडातून शब्द काढायची मारामार. फोनवर उस्ताद विचारायचे, "काय जावईबापू, कसं काय?"

"बरं आहे."

"हवा काय म्हणते तिकडची?"

"थंडी आहे."

"आणि?"

मग लांबलचक शांतता. मग, "हिला देतो हां." की फोन लेकीकडे.

उस्ताद फोन ठेवायचे आणि बायकोवर घसरायचे. "मी काय वाघ आहे का गं? खातो का मी त्याला?"

"तुम्ही त्याला बोलायला जागा ठेवता का?"

"जागा ठेवली की तो 'हिला देतो' म्हणतो!"

वरवर चिडचिड, पण आत खोल कुठेतरी लागलं होतं. लेक एकुलती एक. तिच्या नवऱ्याला आपण आवडत नाही, आपल्या बडबडीचा त्याला वैताग येतो, असं उस्तादांनी मनात घट्ट धरून ठेवलं होतं. म्हणूनच लेकीने दोघांना तिकडे बोलावून घेतलं, तेव्हा विमानात पट्टा बांधता बांधताच त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "तुझे ते राजवाडे नि बागा तू बघ. मी ह्या पोराला बोलतं करून परत येणार. नाही जमलं तर कात्री खाली ठेवीन."

"ठेवा ठेवा," बायको म्हणाली. "घरात जरा शांतता होईल."

लेकीचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एक सोफा, तो ओढला की त्याचा पलंग व्हायचा आणि मग स्वयंपाकघरात जायला आडवं होऊन सरकावं लागायचं. जावई सकाळी राखाडी डगला चढवून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जायचा. संध्याकाळी आला की नखांतलं काळं ग्रीस ब्रशने घासत बसायचा आणि जेवताना "पाणी देऊ?" एवढंच विचारायचा. उस्तादांनी हवा काढून पाहिली, राजकारण काढून पाहिलं, स्वतःचे गुडघे काढून पाहिले. शेवटचा उपाय म्हणून "चला, केस कापून देतो" म्हणत त्याच्या गळ्यात टॉवेलही बांधला. जावयाने डोळे मिटले आणि चक्क घोरायला लागला.

"हात गोड आहे तुमचा," बायकोने समजूत काढली.

"कप्पाळ माझं!" उस्ताद म्हणाले.

राहता राहिला फुटबॉल. पण तो शब्द कानावर पडायचा अवकाश, जावई ताडकन उठायचा आणि कचऱ्याची पिशवी खाली टाकायला निघून जायचा. पिशवीत काही असो नसो. तेव्हा उस्तादांनी आशाच सोडली.

आणि एका सुट्टीच्या सकाळी जावई आपणहून म्हणाला, "चला. एक जागा दाखवायचीय."

चहाचे तीन कप हवेतच थांबले. लेकीने विचारलं, "कुठे हो?"

"चला तर."

बसने शहर ओलांडून सगळे उतरले. जावई पुढे, त्याची चाल आज काही वेगळीच होती. कोपऱ्यावर वळला, थांबला, आणि लग्नात हार घालतानासुद्धा जो माणूस हसला नव्हता तो हसत म्हणाला, "बाबा, बघा!"

समोर जगप्रसिद्ध स्टेडियम. कमानीपासून कुंपणापर्यंत लालेलाल.

उस्ताद एक पाऊल मागेच सरकले. आता हे प्रकरण काय ते सांगायला हवं. त्या शहरात संघ दोन, एक निळा, एक लाल, आणि दोघांचं हाडवैर. उस्ताद मिसरूड फुटल्यापासून कट्टर निळे. दुकानातली खुर्ची निळी, टॉवेल निळे, कंगवेसुद्धा निळे. लालांचा सामना टीव्हीवर लागला की ते जो कोणी त्यांच्याविरुद्ध खेळत असेल त्याच्या बाजूने ओरडायचे. आणि निळ्यांचं मैदान राहिलं शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"तुमचा संघ!" जावई म्हणाला. "आठवतं का? लग्न ठरायच्या आधी तुमच्याकडे केस कापायला बसलो होतो. आरशात मागचं पोस्टर दिसत होतं, ह्याच मैदानाचं. मी विचारलं, हे तुमचं आवडतं का? तुम्ही म्हणालात, जीव की प्राण!"

उस्तादांना आठवलं. न आठवून सांगतात कुणाला? शेजारच्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक, चष्मेवाला, पक्का लाल. ह्याच चष्मेवाल्याने पुढे होऊन हे स्थळ आणलेलं. दोघांची दरवर्षी पैज लागायची आणि तिचा नियम मोठा जाचक होता. ज्याचा संघ हरेल त्याने दुसऱ्याच्या संघाचं पोस्टर वर्षभर आपल्या दुकानात लावायचं, आणि गिऱ्हाइकाने विचारलंच तर "जीव की प्राण" असं खणखणीत आवाजात म्हणायचं. त्या वर्षी उस्ताद हरले होते. आणि जावयाने लग्नाआधी त्यांना जो एकुलता एक प्रश्न विचारला, तो विचारताना चष्मेवाला बाकावर कान टवकारून बसला होता. काय करणार? म्हणाले, जीव की प्राण!

"हिलासुद्धा सांगितलं नव्हतं," जावई लेकीकडे बघून म्हणाला. "घरी फुटबॉलचं नाव निघालं की माझ्याच्याने राहवायचं नाही, गुपित फुटेल म्हणून उठून जायचो."

लेकीचा चेहरा पांढराफटक. बायकोने तोंड उघडलं. "अहो पण हे तर—"

उस्तादांनी तिच्या पायावर पाय दिला. "हे तर स्वप्नच पुरं केलंत, जावईबापू!"

आणि उस्ताद शत्रूच्या गोटात शिरले.

आत गेल्यावर जे सुरू झालं ते मात्र उस्तादांनी कधी कल्पनेतसुद्धा पाहिलं नव्हतं. जावई बोलत होता! थांबतच नव्हता! "बाबा, ह्या बोगद्यातून खेळाडू बाहेर येतात. ही खुंटी बघा, ह्याच खुंटीला त्यांच्या कप्तानाचा सदरा. आणि ही फरशी, ही जुन्या इमारतीतली तशीच ठेवलीय." लाल डगलेवाली गाईड बाई जे सांगत होती त्याच्या आधीच जावई सांगून मोकळा. एकदा तर त्याने तिला थांबवून दुरुस्ती सुचवली आणि ती दुरुस्तीच चुकीची निघाली, पण म्हणून काय झालं! उस्तादांचे पाय पुढे पडत नव्हते, कान मात्र तृप्त होत होते. ते दर वाक्याला "वा!" म्हणत होते. एक "वा" मनापासूनचा जावयाला, आणि लगेच एक शिवी मनातल्या मनात त्या खुंटीला.

मायलेकी मागून चालत होत्या. एकमेकींकडे बघायचं नाही असं दोघींनी ठरवलेलं, तरी बघायच्याच, आणि तोंडात रुमाल कोंबायच्या.

कपडे बदलायच्या खोलीत गाईडने विचारलं, "इथे सगळ्यात जुना चाहता कोण?" जावयाने सासऱ्याचा हात धरून असा वर केला की उस्तादांचा खांदाच निखळायचा. बाई म्हणाली, मग ह्यांनी सांगावं, आमच्या संघाचा कुठला क्षण ह्यांच्या मनात कायमचा राहिला?

सगळी खोली त्यांच्याकडे बघायला लागली. बायकोने डोळे मिटून घेतले.

पण उस्ताद ते उस्ताद. आणि खोटं बोलायची गरजच पडली नाही. "निळ्यांबरोबरचा तो अंतिम सामना," ते म्हणाले. "संपायला आला होता. निळे जिंकल्यातच जमा. आणि तुमच्या त्या बुटक्याने उडी मारून डोक्याने गोल घातला. मी दुकानात होतो. हातात वस्तरा तसाच राहिला. मी रडलो हो, लहान पोरासारखा रडलो! रात्री घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायची ताकद नव्हती अंगात. आजही तो गोल आठवला की इथे, छातीत, कसंतरी होतं."

शब्द न् शब्द खरा. जावयाने तो तिथल्या भाषेत सांगितला. गाईड बाईने डोळे टिपले, लोकांनी टाळ्या पिटल्या. बायको "आलेच" म्हणत बाहेर गेली आणि बोगद्यात भिंतीला टेकून पोट धरून हसली.

मग काय, सत्कारच सुरू झाला! बाईंनी उस्तादांना मैदानाकडेला नेऊन प्रशिक्षकाच्या गादीवर बसवलं. जावयाने लाल मफलर आणून त्यांच्या गळ्यात घातला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्यात कापडं बांधली, आज त्यांच्याच गळ्यात बांधलं गेलं. "हसा बाबा!" उस्ताद हसले. जावयाने फोटो काढला, आणि आनंदाच्या भरात तिथल्या तिथे चष्मेवाल्याला पाठवून दिला. लग्न जुळवणारा माणूस, त्यालाही बरं वाटेल!

मिनिटभरात फोन वाजला. पडद्यावर चष्मेवाल्याचा जबडा.

"शरण आला! अरे, शेवटी शरण आला रे!" तो खिंकाळत होता. मागे सगळं दुकान लोळत होतं. "जावईबापू, कसला बदला घेतलात हो सासऱ्यावर! हा जन्माचा निळा, आणि ह्याला लालांच्या गादीवर बसवलंत?"

उस्तादांनी झडप घालून फोन बंद केला. पण बाण सुटला होता. जावयाने सासऱ्याकडे पाहिलं, आपल्या बायकोकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. तिघांचेही चेहरे खरं सांगून बसले होते. त्याचे कान लाल झाले, मफलरापेक्षा लाल. "चला," एवढंच म्हणाला.

परतीच्या बसमध्ये उस्ताद त्याच्या शेजारी बसले आणि गळ्यातल्या मफलराचं टोक पिळत राहिले. झालं! उघडलेलं दार पुन्हा बंद झालं. चष्मेवाल्याची चंपी करावी तर तो हजारो मैल लांब.

जावई खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "आधीच का नाही सांगितलंत, बाबा? मी तुम्हाला सगळ्यांसमोर... किती वाईट वाटलं असेल तुम्हाला."

"वाईट?" उस्तादांचा आवाज बसभर गेला. "अहो, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा तुमचा आवाज धड ऐकला मी! तुम्ही बोलत होता आणि मी मध्ये तोंड घालू? माझे निळे कुठे पळून जातायत? तुम्ही बोलत राहिला असतात तर मी त्या लालांच्या मोरीतसुद्धा पाट मांडून बसलो असतो!"

मागच्या बाकावर लेक हुंदका की हसू असं काहीतरी करून गेली.

जावई मान खाली घालून नखं बघत राहिला. मग हळूहळू म्हणाला, "तुमच्या दुकानात सगळे कसे हसत असतात. मला तसं बोलता येत नाही, काही सुचतच नाही. वाटायचं, तुम्हाला मी मठ्ठ वाटत असणार. म्हणून ठरवलं, तुम्हाला आवडतं ते शिकायचं, म्हणजे तुमच्याशी बोलायला काहीतरी होईल. कामावर, गच्चीवरच्या लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत एकटाच असतो, तिथे कानाला लावून ऐकायचो. लालांचा अख्खा इतिहास. सगळा पाठ केला." तो थांबला. "खरं सांगू? मला फुटबॉल आवडतच नाही, बाबा. इतकी माणसं एका चेंडूमागे का धावतात, मला अजून कळलेलं नाही."

ह्या पोराला आपण आवडत नाही म्हणून इतकी वर्षं कुढत बसलो, आणि हा तिकडे कुठल्याशा गच्चीवर, अंधाऱ्या खोलीत, आपल्याशी बोलता यावं म्हणून नावडता धडा घोकत होता. त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी लाल मफलरानेच डोळे पुसले, आणि तसं केल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"मग तुम्हाला आवडतं तरी काय?" त्यांनी विचारलं.

जावई गप्प. उस्तादांच्या ओठांवर हवेपासून गुडघ्यांपर्यंत सगळं येऊन उभं राहिलं. पण त्यांनी दातांत जीभ धरली आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, वाट बघितली.

"लिफ्टचा आवाज," जावई शेवटी म्हणाला.

"आवाज?"

"हो. प्रत्येकीचा वेगळा असतो. कुठली कुरकुरते, कुठली उगाच नखरे करते, मला जिन्यातच कळतं. आमच्या मागच्या गल्लीत एक आहे, म्हातारी, चौथ्या मजल्यावर आली की दर वेळी सुस्कारा सोडते. सगळे म्हणतात बदला तिला. मी नाही बदलू देत. मागच्या हिवाळ्यात काय झालं, तिच्यात एक नवरा-बायको अडकले, आणि तेही भांडता भांडता..."

उस्ताद त्याच्याकडे पूर्ण वळून बसले. बस थांबली, दार उघडलं. मागून लेकीने खांद्याला हात लावला. "बाबा, चला, आपलं घर आलं. उतरायचंय."

"थांब गं जरा," उस्ताद मागे न बघताच म्हणाले. "माझा जावई बोलतोय."