मरळीचा दात उमटेल असा लेप

आई सांगते, लहानपणी मी अर्धकच्चा भात खायचो. पातेलं चुलीवरून उतरेपर्यंत थांबायचा मला धीर नसायचा. अशा माणसाने लाकडाचे नकली मासे करून त्यांना वरून पारदर्शक लेप द्यायचा छंद धरावा, म्हणजे कमालच. त्यात हाताने करायचं काम थोडं असतं आणि वाट पाहायची फार.

छंद लागला तो बाबांमुळे. आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, खाली काळू नदी. बाबांनी उभा जन्म त्या नदीवर बांबूची काठी आणि गळ घेऊन मासे गरवले. मरळ काढावी तर यांनीच, हे त्यांच्याशी बांधाचं भांडण असलेले लोकही मान्य करायचे. मग गुडघा धरला, पाठोपाठ शहापूरला डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि बाबा ओटीवर बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, चाला. नदी तर पाच मिनिटांवर. पण "आता काय जायचं" एवढं बोलून ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला ते बघवत नव्हतं. बाबा पुन्हा नदीवर यायला हवे होते, बाकी मला काही नको होतं.

मी मुरबाडला कारखान्यात कामाला आहे. तिथे जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एक जण लाकडाचा मासा पाण्यातून ओढून मरळ काढताना पाहिला. घरी येऊन बाबांना दाखवला.

"लाकूड खायला मरळ काय वाळवी हाय?" बाबा म्हणाले.

"लागते, बाबा. तुमी नदीवर या, मी दाखवतो."

"आधी मरळीनं त्याला तोंड लावलेलं दाखव. मंग येतो."

त्यांनी टाळायला म्हणून म्हटलं असेल. मी मात्र तो शब्द धरून बसलो.

मासा घडवणं सोपं होतं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, सुरीने सरसर कापलं जातं. मच्छरदाणीचा तुकडा वर ताणून रंगाचा फवारा मारला की खवले उमटतात. डोळ्यांना म्हशाच्या जत्रेतले मणी बसवले, पोटाखाली गळ लावले. पण या सगळ्यावर पारदर्शक लेप हवाच, नाहीतर लाकूड पाणी पितं, रंग फुगतो आणि दात लागला की त्याची सालपटं निघतात. माझी सगळी शोभा झाली ती या लेपापायी.

पहिल्या माशाला बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश लावलं. अख्खी बाटली संपली आणि दोन दिवस नदीत बुडवल्यावर त्याला भेगा पडल्या. दुसऱ्याला लाकडाचं वार्निश दिलं, तर चंदेरी मासा पिवळा झाला. "ह्याला कावीळ झाली," बाबा म्हणाले. तिसऱ्याला सुताराकडचं स्पिरिटचं पॉलिश लावलं, तर मार्करने मन लावून काढलेले पट्टे विरघळून पोटावर ओघळले. चौथ्यासाठी दोन ट्यूबांतलं झटपट चिकटवायचं मिश्रण आणलं. ते ढवळता ढवळताच वाटीत घट्ट झालं, आणि वाटी आईची होती.

त्यातल्या कावीळवाल्या माशाला एकदा मरळीने खरंच धरलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. ती सुटली, आणि मासा हातात आला तेव्हा त्याच्या पोटावरचं वार्निश रंगासकट सोलून निघालं होतं. धावत येऊन बाबांना दाखवला.

"दगडावर आपटला असशील," ते म्हणाले.

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. राग उतरल्यावर लक्षात आलं, लेप नुसता चकचकीत असून भागणार नाही. त्याने मरळीच्या दाताची खूण अंगावर धरून ठेवली पाहिजे.

मग लोक ज्याच्या की-चेन करतात ते सावकाश सुकणारं रेझिन मागवलं. दोन बाटल्या, दोन्हीतून सारखं माप. मी घाईघाईत अंदाजाने ओतलं. चार दिवसांनीही मासा चिकट होता, वर दोन माश्या अडकून मेलेल्या. आईने तिच्या खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण आणून माझ्यापुढे ठेवलं.

"मीठ अंदाजानं टाकावं, औषध मापानं," ती म्हणाली.

हे रेझिन ओघळू नये म्हणून सुकेपर्यंत मासा फिरत ठेवावा लागतो. गणपतीच्या मखरात मूर्तीमागे चक्र फिरवायला आम्ही एक छोटी मोटर लावतो, ती विसर्जनानंतर माळ्यावरच होती. खंडेनवमीच्या सकाळी नवा मासा तिच्यावर चढवला, झाकणाने मोजून लेप दिला, त्यातले बुडबुडे फुंकर घालून घालवले आणि झेंडू आणायला मुरबाडला गेलो.

परत आलो तर पूजा उरकली होती. कोयता, विळे, माझी बाइक, सगळ्यांना हळद-कुंकू. माशालाही. ओल्या लेपात डोक्यावर हळदीचं बोट, त्याखाली कुंकू, आणि अंगणातल्या झेंडूची एक पाकळी.

"ह्याला कशाला लावलंस?" मी ओरडलोच.

"देवाची मोटर हाय ती. तिच्यावर फिरतं त्याला वगळू?" आई म्हणाली. "नको तं पुसून टाक."

पुसला असता तर सगळा लेप निघाला असता. पाकळी तेवढी चिमट्याने काढली. दसऱ्याला त्यावरच दुसरा लेप दिला, आणि हळद-कुंकू आत कायमचं बंद झालं. मी दिवसभर धुसफुसत होतो. बायको म्हणाली की मासा आधीपेक्षा बरा दिसतोय, तर मी तिच्यावरही डाफरलो.

रविवारी सकाळी डोहावर गेलो. थोड्याच वेळात पाणी फाटलं आणि दोरीला असा झटका बसला की मी जीव खाऊन ओढलं. मरळ अर्धी वर आली, डोकं झाडलं आणि गेली. मी तिला, नदीला आणि स्वतःला शिव्या घातल्या. मग मासा हातात घेतला. रंग जिथल्या तिथे होता. लेपात बारीक खड्ड्यांची एक वाकडी रांग रुतली होती.

तसाच ओल्या पायांनी घरी आलो. बाबांनी मासा घेतला, पण चष्मा घेतला नाही. अंगठा त्या खड्ड्यांवरून नेला, परत मागे आणला. मासा उलटा केला, दुसऱ्या बाजूची रांग शोधली. त्यांनी टीव्ही बंद केला.

"मोठी हाय," ते म्हणाले. "खालून आली. सुटली कशी?"

"झटका बसला तसा मी ओढलं."

"घाई केलीस. ती आधी नुसती धरते, मंग वळते. वळली की ओढायचं." त्यांनी आईला हाक मारली. "माझ्या चपला दे गो."

आईने चपला आणल्या. त्यांच्यावर धूळ होती, ती तिने पदराने पुसली.

पाच मिनिटांच्या वाटेला आम्हाला अर्धा तास लागला. डोहाच्या काठावर बाबा माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. मी मासा फेकला. दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा दोरी जड झाली आणि माझे हात आपोआप उचलले गेले. बाबांनी माझं मनगट दाबून धरलं.

"अजून नाय," ते म्हणाले.

मी थांबलो.