केळी शिकायला तैवानला

ज्या दिवशी तैवानच्या विद्यापीठाचं पत्र आलं, त्या दिवसापासून माझ्याकडे दोन गोष्टी जमायला लागल्या. कागद आणि किस्से. कागद फाईलला लावता येतात. किस्से कुणाला तरी सांगावेच लागतात, पोटात राहत नाहीत.

मी अर्धापूरची. घरी केळीची बाग. नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जूनमध्ये घेतात आणि मार्चमध्ये विसरतात. केळीच्या मर रोगावर पीएचडी करायला मला तैवानात जागा मिळाली, शिष्यवृत्तीसकट. हो की नाही, ते महिनाभरात कळवायचं होतं. एकटीनं ठरवलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं. पण मी लोकांना सल्ला विचारला.

*

पहिल्यांदा पत्र दाखवलं आमच्या विभागप्रमुखांना. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पत्र वाचलं आणि म्हणाले, "तैवान? मसाजला जातेत लोक तिथं."

"सर, ते थायलंड."

"तिकडंच की सगळं. एखादं स्टेशन मागंपुढं."

मग पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "अर्धापूरची पोरगी केळी शिकायला तैवानला चालली, लोक हसतील. माझ्याकडं कर की पीएचडी. ही वैशाली करूनच राहिली न्हाई का?"

वैशाली माझी मैत्रीण. सात वर्षांपासून सरांकडे पीएचडी करत होती. त्या वेळी ती स्टाफरूमच्या कोपऱ्यात सरांच्या मुलीचं प्रॅक्टिकल जर्नल लिहीत बसली होती. आकृत्या काढून झाल्या होत्या, रंग भरायचे राहिले होते.

सर बाहेर गेल्यावर तिनं मान वर न करताच विचारलं, "तिकडच्या गाइडला मुली किती हाईत, ते विचारून घेतलंस का?"

*

लातूरला माझे मामा असतात. घराचे वरचे दोन्ही मजले त्यांनी नीटच्या तयारीला आलेल्या मुलींना भाड्यानं दिलेत. त्यामुळे शिक्षणातलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं म्हणणं.

"अमेरिकेचं जमलं न्हाई का?" त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं, की माझं लग्नच मोडलंय असं ऐकणाऱ्याला वाटावं.

"तिथं मी अर्जच केला नव्हता, मामा. केळीवर तैवानात चांगलं काम चालतं."

"बाई, फॉरेन म्हंजे अमेरिका, लंडन. ऑस्ट्रेलिया बी चालून जाईल. आशिया फॉरेनमंदी येत न्हाई."

"का?"

"आशियात आपण आधीपासूनच हाओत की."



*

मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. मला एका कन्सल्टंटकडे घेऊन गेले. ऑफिसच्या भिंतीवर मोठं विमान आणि विमानाखाली पांढरे ॲप्रन घातलेली मुलंमुली. मी त्या गृहस्थांना दहा मिनिटं मर रोग समजावून सांगितला. बुरशी मातीतून मुळात कशी शिरते, मुळातून खोडात कशी चढते. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून वहीत माझं नाव लिहिलं.

"वय?"

"सत्तावीस."

"टेन्शन घेऊ नका. अजून नीट देता येती. किर्गिझस्तानात एमबीबीएस बसवून टाकू."

"सर, माझं एमएस्सी झालंय. पीएचडीला नंबर लागलाय. ती झाली की मी डॉक्टरच होणार."

मामांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तसला न्हाई, बाळा. खरा."

*

आईचा हिशोब सोपा होता. "जायाचं असंल तर लगीन करून जा. न्हाई जायाचं तर मग लगीनच कर." म्हणजे दोन्ही रस्ते एकाच मांडवात जात होते. कंधारहून एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात इंजिनिअर.

मुलाची आई मोकळ्या स्वभावाची. म्हणाली, "शिकू द्या की. आमचं काहीच म्हणणं न्हाई. आजकाल ऑनलाइन बी होतंय सगळं."

मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मुलगा सभ्य होता. तैवानचं हवामान विचारलं, भाषा विचारली, माझा विषयही विचारला. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

"बाकी सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण जेवणाचं कसं करायचं?"

"त्यात काय, तांदूळ मिळतो, भाज्या मिळतात. मी करून घेईन."

"तुमचं नाही. माझं."

आमची ओळख होऊन वीस मिनिटं झाली होती.

स्थळ मी नाकारलं. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजात बसून तैवानलाही नकाराचा मेल लिहिला. पाठवला नाही, पण लिहिला. रोज कुणीतरी हसत होतं, आणि खरं सांगायचं तर ते हसणं मलाही पटायला लागलं होतं.

*

मेल ड्राफ्टमध्ये पडलेला असतानाच पासपोर्टच्या चौकशीला एक हवालदार घरी आले. ओसरीवर बसून फॉर्म भरायला लागले.

"कशासाठी चालल्या?"

"केळीच्या मर रोगावर शिकायला."

त्यांचा पेन थांबला. "पानं पिवळी पडून खाली लोंबतेत, तो?"

"हाव."

"खोड बुडात चिरतं?"

"हाव, तोच."

त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि गावाकडे भावाला व्हिडिओ कॉल लावला. पुढचा अर्धा तास मी मोबाईलमधून त्यांच्या भावाची बाग बघत होते. रोगट झाडं उपटून जाळा, तिथलं पाणी चांगल्या झाडांकडे जाऊ देऊ नका, तिथं वापरलेल्या अवजारांचा चिखल धुऊन काढा, असं जे मला येत होतं ते सांगितलं.

जाताना त्यांनी विचारलं, "शिकून कवा येणार?"

"चार वर्षं लागतील."

"मग बसून काय राहिल्या? लवकर जा की."

काय शिकणार, हे समजून घेणारा पूर्ण महिन्यात भेटलेला हा एकच माणूस. तोही फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून.

*

ह्या सगळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, एक शब्द बोलले नव्हते. बागेत जायचे, यायचे, जेवायचे. त्यांना विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

शेवटच्या आठवड्यात तैवानच्या प्राध्यापकांनी व्हिडिओ कॉल केला. साठीचे असतील, डोक्यावर गवती टोपी, मागे केळीची रांग. आमच्या ओसरीवर आई, अण्णा आणि लातूरहून मुद्दाम आलेले मामा. मी आणि प्राध्यापक इंग्रजीत बोलत होतो, बाकीचे आमच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, तुझ्या वडिलांना काही विचारायचं असेल तर विचारू दे.

अण्णा पुढे सरकले. "इचार त्यांना, ह्यो रोग बरा होतो का."

मी विचारलं. प्राध्यापक म्हणाले, "नाही. तीस वर्षं मी ह्यावरच काम करतोय. बरा होत नाही. रोग सोसून उभी राहणारी झाडं शोधता येतात. तीही दर वेळी टिकतीलच असं नाही."

मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. मामा मोठ्यानं हसले. "तीस वर्षं शिकून न्हाई म्हणून राहिला. आन ह्याच्याकडं पोरगी धाडायची?"

अण्णा हसले नाहीत. आमच्या बागेचा खालचा कोपरा ह्याच रोगानं गेला होता. तेव्हापासून दर हंगामात कुणीतरी डबा, पुडी, बाटली घेऊन यायचं आणि शंभर टक्के बरा होतो म्हणून सांगून जायचं. अण्णांनी ते सगळं ओतून पाहिलं होतं.

"न्हाई म्हणले का?" त्यांनी मला विचारलं.

"हाव."

"पुन्यांदा इचार."

मी पुन्हा विचारलं. प्राध्यापकांनी टोपी काढली आणि नुसती मान हलवली.

अण्णांनी मोबाईलकडे बघून हात जोडले. उठून चपला पायात घातल्या, आणि बागेकडे निघता निघता मला म्हणाले, "गाडी कवाची हाय तुझी?"